काकूंचं लाल चेस्टनट

आजवर मी पाच लग्नं लावली आहेत. चार माणसांची आणि एक झाडाचं. झाडाचं चुकून लागलं.

यावरून मी गुरुजी आहे असा कुणाचा समज होऊ नये. मी सॉफ्टवेअरवाला, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पोट भरतो. मुंजीनंतरच्या सुट्टीत मामाने कान धरून पाठ करून घेतलेलं थोडंफार जिभेवर उरलं आहे, तेवढ्या भांडवलावर ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावात मी मराठी मंडळींचा हंगामी गुरुजी झालो. देवळातल्या पुजाऱ्यांच्या तारखा महिनोन्‌महिने आधी भरलेल्या असतात. मग लोक माझ्याकडे वळतात. माझ्या मंत्रांतल्या चुका काढणारं कुणी नाही, म्हणून खपून जातं.

तर गेल्या मे महिन्यात काकांच्या मागच्या अंगणात, दुसऱ्या दिवशी तोडायच्या झाडाचा निरोप घ्यायला आम्ही उभे होतो, आणि गंभीर चेहऱ्याने मी जे तोंड उघडलं ते थेट मंगलाष्टकांना. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी झाड सांगायला हवं, आणि त्याच्याही आधी काकू.

काका-काकू, म्हणजे गावातल्या सगळ्याच मराठी मंडळींचे, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. काका भूलतज्ज्ञ, आमच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा इथे आलेले. मराठी बोलणारा माणूस भेटावा म्हणून तासभर ड्राइव्ह करून जाणाऱ्या पिढीतले. काकू घर, बाग आणि काका, या क्रमाने सांभाळायच्या.

ओहायोचं स्वतःचं झाड म्हणजे बकआय. इथल्या लोकांना त्याचं भारी कौतुक. त्याची चकचकीत तपकिरी बी शुभ म्हणून खिशात बाळगतात, पीनट बटरचे गोळे चॉकलेटमध्ये बुडवून तिच्यासारखी दिसणारी मिठाई करतात. काकू तीच मिठाई बेसनाच्या लाडवांची करायच्या. पण या गावठी बकआयची फुलं फिकट पिवळी, आणि काकूंना ती कावीळ झाल्यासारखी वाटायची. शिवाय त्यांना हवं होतं गणपतीला लाल फूल. कुंडीतली जास्वंद दर हिवाळ्यात मान टाकायची. मग त्यांनी नर्सरीतून बकआयचं चुलत भावंड आणलं, लाल फुलांचं हॉर्स चेस्टनट, आणि बेडरूमच्या खिडकीसमोर लावलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी ते पहिल्यांदा फुललं, ते मे महिन्यात. काका ही गोष्ट आम्हाला दर वर्षी नव्याने सांगायचे. "गणपती येतात भाद्रपदात. हिचं झाड फुलतं वैशाखात. भाद्रपदात त्याची पानंसुद्धा करपलेली असतात. मी म्हटलं, अगं, आणताना विचारायचं तरी!"

"मग?" आम्ही माहीत असून विचारायचो.

"मग काय? हिने देव बदलला!"

गणपतीचं झाड चैत्रगौरीला दिलं गेलं. काकूंचं हळदीकुंकू त्या झाडाखाली होऊ लागलं. पंचांगात गौर अक्षय्य तृतीयेला उठते, पण काकूंची गौर झाड फुलेपर्यंत झोपाळ्यावरच असायची. एखाद्या वर्षी थंडी लांबली तर पार मे महिना अर्धा व्हायचा. कुणीतरी एकदा दबकत विचारलं, "काकू, चालतं का असं?" काकू म्हणाल्या, "न चालायला काय झालं? तिच्या माहेरीही बर्फच पडतं की."

त्या दिवशी अंगण बायकांचं. वीतभर लांब, सरळ उभे तुरे, लालसर गुलाबी, झाडभर. पानं हाताच्या पंजासारखी, पाच बोटांची. त्या पंजांखाली पैठण्या नि स्नीकर्स, दोन्ही घातलेल्या बायका गवतावरून फिरायच्या, आणि आम्हा पुरुषांची रवानगी गॅरेजमध्ये व्हायची. तिथे घडीच्या खुर्च्यांवर बसून आम्ही कागदी वाटीतून आंब्याची डाळ खायचो, पन्हं प्यायचो आणि एकमेकांच्या छपरांच्या गळतीवर चर्चा करायचो. काका मधूनच गॅरेजचं दार वीतभर उघडून बघायचे. अंगणातून लगेच आवाज यायचा, "अहो, दार!"

माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती आणि माझ्याशी बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. (हे तिचं म्हणणं. मला तेव्हा वाटत होतं की आमचं उत्तम चाललं आहे.) पहिल्याच वसंतात काकूंनी तिला त्या झाडाखाली पाटावर बसवून ओटी भरली आणि विचारलं, "माहेर कुठलं तुझं?" ती "चिपळूण" म्हणाली आणि रडायला लागली. काकूंनी रडू दिलं. नंतर तिला वाटल्या डाळीचा डबा भरून दिला, आणि डबा परत द्यायला ये असं बजावलं. तो डबा मग पुष्कळ वर्षं आमच्या दोन घरांत फिरत राहिला.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. मेंदूत रक्तस्राव झाला. काही दिवस यंत्राच्या श्वासावर होत्या. मुलगा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आला, आम्ही आळीपाळीने डबे पोचवले, आणि एका दुपारी सगळं थांबलं. पुढच्या मे महिन्यात झाड फुललं तेव्हा हळदीकुंकवाचा विषय कुणी काढला नाही. काका पुरुषमाणूस, ते कसलं हळदीकुंकू करणार?

या वर्षी मार्चमध्ये बर्फाचा पाऊस झाला. फांदीवर काचेसारखा थर बसतो आणि तिचं वजन तिलाच पेलवत नाही. सकाळी काकांचा फोन आला. "सवड असली तर ये. छपरावर पाहुणा आलाय." जाऊन बघतो तर चेस्टनटची एक जाडजूड फांदी बेडरूमच्या कोपऱ्यावर पडलेली. पन्हाळ वाकली होती, काच तडकली होती. काका त्याच खिडकीशी पलंगावर बसून चहा पीत होते.

झाडं कापणारा माणूस आला. त्याने खोडावर लाकडी हातोड्याने ठोकलं. वरच्या बाजूला टणक आवाज आला आणि कंबरेच्या उंचीला डबा वाजवल्यासारखा. उभी चीर होतीच. ती पुष्कळ वर्षांची होती, पण आता तिच्यात बोटं जात होती. तो म्हणाला, पानं-फुलं आली की शेंडा जड होईल, आणि मग वादळी पावसाचे दिवस. पडलं तर याच खोलीवर पडेल.

काका त्याला "थँक यू" म्हणाले आणि त्याला दारापर्यंत सोडून आले. बस.

दोन दिवसांनी मुलाचा फोन मला. त्याचं मराठी इथलंच, पण मनापासूनचं. "बाबा लिसन करत नाहीत. खोली पण चेंज करत नाहीत. त्याच बेडवर झोपतात. मी काय करू इथून? ते तुमचं ऐकतात, प्लीज."

काका माझं ऐकतात हे मला नवीनच होतं. माझं माझी मुलगी ऐकत नाही, कुत्रासुद्धा ऐकत नाही. पण बायको म्हणाली, "जा. आणि हे बघ, भाषण देऊ नकोस."

मी गेलो आणि भाषण दिलं. फांदीचं वजन, छपराची ताकद, वाऱ्याचा वेग, सगळं सांगितलं. काका ऐकत होते. पेशंटच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं. माझं संपल्यावर म्हणाले, "तुझं सगळं बरोबर आहे."

"मग काका, बोलावू त्याला?"

"नको."

"निदान दुसऱ्या खोलीत तरी झोपा."

"तिथून झाड दिसत नाही."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "तुला माहितेय, भूल देणाऱ्याचं काम काय असतं? लोकांना वाटतं झोपवायचं. झोपवतं कुणीही. आमचं काम उठवायचं. माझ्या नोकरीभर मी टेबलाशी बसून एकच वाट बघितली, डोळे उघडायची." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हिच्या वेळी तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, डॉक्टर, तुम्हाला समजावायची गरज नाही. खरंच नव्हती. मला आकडे दिसत होते. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. काढा म्हटलं."

बाहेर झाडाच्या कळ्या फुगलेल्या दिसत होत्या, राळेने चिकट, चकाकणाऱ्या.

"एकदा म्हटलं. आता परत कुणी माझ्या तोंडून 'काढा' वदवू नका. पडायचं तर पडू दे."

मी घरी आलो आणि बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती कणीक मळत होती. बराच वेळ मळत राहिली. त्या दिवशीच्या पोळ्या कधी नव्हे इतक्या मऊ झाल्या. जेवताना म्हणाली, "उद्या मी जाते. तू नुसता सोबत ये. बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती काकांसमोर बसली आणि तिने झाडाचा विषयच काढला नाही. चिपळूणच्या परसातल्या फणसाचा काढला. तो घरावर कलला होता. तिच्या वडिलांनी तोडायच्या आदल्या दिवशी त्याच्या बुंध्याशी नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि सांगितलं, इथे जे कुणी राहत असाल त्यांनी आता दुसरीकडे जा, आमचा इलाज नाही, राग धरू नका.

"काका, आमच्याकडे झाडाच्या बाबतीत माणूस हो म्हणत नाही. आधी झाडाला विचारतात."

काका तिच्याकडे बघत राहिले. "आणि ते नाही म्हणालं तर?"

"तर नाही तोडायचं."

"आजवर कुठलं नाही म्हणालंय?"

"मला माहीत नाही," बायको म्हणाली. "बाबांनी विचारलं तेव्हा ते बराच वेळ तिथे उभे होते. काय ऐकलं ते त्यांनी आम्हाला नाही सांगितलं."

काका उठून खिडकीशी गेले. आम्ही निघालो तेव्हा पाठमोरे असतानाच म्हणाले, "फुलल्यावर विचारू. नाहीतर तुमची काकू म्हणेल, घाई केलीत."

तोवर दुसऱ्या खोलीत झोपायचं बायकोने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मी स्वतः पलंग हलवला आणि कंबर धरून घेतली, पण तो या गोष्टीचा भाग नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी झाड पूर्ण लाल होतं. इतकं पोकळ झाल्यावर कुठून आणतं कोण जाणे, पण आणलं होतं. मधमाश्यांचा आवाज दारातूनच ऐकू येत होता. काकूंच्या हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका आल्या. कुणी डाळ आणली, कुणी पन्हं. पुरुष सवयीने गॅरेजकडे वळले, तर काकाच म्हणाले, "आज आत नका बसू रे. या सगळे."

असल्या प्रसंगाचा विधी कुठल्या पोथीत असेल तर मला माहीत नव्हता. वनस्पतींची एक प्रार्थना मी फोनवर शोधून ठेवली होती. पण एका हातात नारळ, दुसऱ्यात ताम्हन, चष्मा गाडीत. काका समोर हात जोडून उभे. सगळ्यांच्या मुठीत बायकोने वाटलेल्या अक्षता. माणसाला काही सुचेनासं झालं की जीभ ओळखीच्या वाटेने धावते. आदल्याच महिन्यात मी एका मित्राच्या मुलीचं लग्न लावलं होतं. मी चांगला खणखणीत सूर लावला आणि मंगलाष्टक सुरू केलं. मला पहिल्या दोन ओळींतच कळलं. थांबता येईना, तो सूर असा आहे की एकदा लागला की शेवटाशीच जाऊन उतरतो. मी शेवटाशी आलो आणि "सावधान" म्हणालो.

"सावधान" ऐकल्यावर मराठी माणसाचा हात त्याला विचारत नाही. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. झाडावर, गवतावर, काकांच्या डोक्यावर.

मग सगळ्यांना कळलं. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी लेखी करणार नाही. मी "काका, माफ करा, मी..." एवढंच म्हणू शकलो.

काकांनी केसांतला एक तांदूळ काढून बोटावर धरला. म्हणाले, "आमच्या लग्नात गुरुजींनी दोनच म्हटली होती. मला अमेरिकेचं विमान गाठायचं होतं, टॅक्सी दारात. हिला ते फार लागलं होतं. माझी उरलेली म्हटलीच नाहीत, असं भांडणात काढायची." त्यांचा आवाज बारीक झाला. "तू थांबू नकोस. उरलेली म्हण."

मी म्हटली. येत होती तेवढी सगळी. दर वेळी बायका अक्षता टाकत होत्या, कुणाच्या संपल्या तर शेजारणीच्या मुठीतून घेत होत्या. रडत होत्या, आणि मला वाटतं हसतही होत्या. नंतर बायकोने खोडाला हळदकुंकू लावलं आणि बाजूला झाली. आम्ही सगळे बाजूला झालो. काका एकटे झाडाजवळ गेले, चिरेच्या वर तळहात टेकून उभे राहिले. किती वेळ, मी पाहिलं नाही. काय ऐकलं ते त्यांनी आम्हाला नाही सांगितलं.

सोमवारी सकाळी झाडवाला आला, दोन साथीदार आणि उंच शिडीची गाडी घेऊन. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी ऑफिसला सुट्टी टाकून गेलो होतो. झाडवाल्याने फुलांकडे पाहिलं, मग काकांकडे. हेल्मेट काढून हातात धरलं आणि हळूच विचारलं, "रेडी, डॉक?"

काकांनी ओठ उघडले आणि मिटले. माझ्या तोंडाशी आलं होतं की मीच सांगतो. नाही सांगितलं, ते झाड माझं नव्हतं.

"हो," काका म्हणाले.

मराठीत म्हणाले. झाडवाल्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"ही सेज येस," मी म्हणालो. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात छोटं भाषांतर ते. सोपं मात्र नव्हतं.

वरून खाली, तुकड्यातुकड्याने उतरवलं त्यांनी. लाल तुरे गवतावर पडत होते आणि मधमाश्या खाली पडलेल्या फुलांवरही बसत होत्या. काका पूर्ण वेळ उभे राहिले. खुर्ची दिली तर घेतली नाही. शेवटी खोड आडवं झालं तेव्हा कापलेल्या तोंडातून आतली पोकळी दिसली. काठाला जेमतेम चार बोटं धड लाकूड, बाकी काळा भुसा. काका वाकले, मनगटापर्यंत हात आत घातला, चिमूटभर भुसा बाहेर काढून उजेडात बघितला. मग दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले, "हे बरं होणारं नव्हतं."

हात झटकला. पुन्हा एकदा म्हणाले, जरा सावकाश, "बरं होणारं नव्हतं."

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं, आणि झाडवाल्याच्या माणसांना बेसनाचे लाडू दिले. चॉकलेट नव्हतं, त्याबद्दल त्यांची माफी मागितली. दुपारी मी तो पलंग परत जुन्या खोलीत ओढला. खिडकीतून एवढा उजेड येत होता की काकांनी डोळ्यांवर हात धरला.

घरी आलो तेव्हा बायको ओट्याशी कुकर लावत होती. मी तिला सगळं सांगितलं. शर्ट, हेल्मेट, भुसा, लाडू. ती माझ्याकडे पाठ करून ऐकत होती. मला वाटलं आता कालच्या गोंधळावरून बोलणी बसणार, आणि मी त्या तयारीने उभा राहिलो.

तिने गॅस बारीक केला.

"माझी वेळ आली ना," ती म्हणाली, "तर तू हो म्हणायचंस. लगेच. आपल्या पोरीकडे बघायचं नाही. आणि म्हटलंस, की मग दोन वर्षं एकटं खिडकीशी बसायचं नाही. लोकांकडे जायचं, जेवायचं, त्यांची चुकीची लग्नं लावायची, काय वाटेल ते करायचं. कळलं?"

मी मान हलवली. तिला ती दिसणं शक्य नव्हतं.

"नुसता उभा राहू नकोस. भात होतोय. जा, काकांना जेवायला घेऊन ये."